ओटीपी काकाजींच्या फोनवर जातो

ज्यांच्या घरातलं मूल यंदा पहिल्यांदा कॉलेजात जाणार आहे, किंवा ज्यांच्याकडे बाहेरगावच्या मुली खोली घेऊन राहतात, त्यांना उपयोग होईल म्हणून हे लिहिते आहे. मी इंदूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. २०१८ मध्ये निवृत्त झाले. आमचं घर छत्रीबागेत आहे. होळकरांच्या छत्र्या आणि वेंकटेश मंदिर, दोन्ही पायी जाण्यासारखं. गंगवाल बस स्टँड लांब नाही, त्यामुळे धार, कुक्षी, झाबुआ, अलीराजपूर या बाजूच्या मुली या भागात खोल्या शोधत येतात. वरच्या दोन खोल्या आम्ही त्यांनाच देतो.

मार्च २०२० मध्ये वर तिघी होत्या. एक अलीराजपूर जिल्ह्यातल्या खेड्यातली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. एक कुक्षीजवळची. तिसरी बुऱ्हाणपूरची, घरी मराठी बोलणारी, मला काकू म्हणायची. बाकीच्या दोघी मॅडम म्हणायच्या. लॉकडाऊनची कुणकुण लागली तशा तिघी मिळेल त्या बसने गावी गेल्या. आठ-दहा दिवसांत परत येऊ, असं म्हणून. पुस्तकं, वह्या, नोट्स, सगळं वरच राहिलं.

मग कॉलेजं ऑनलाइन झाली. म्हणजे काय झालं, ते सांगते. प्राध्यापक व्हॉट्सअॅपच्या गटावर पीडीएफ टाकू लागले. काही जण व्हिडिओवर शिकवू लागले. बुऱ्हाणपूरच्या मुलीला बारावीच्या गुणांवर सरकारकडून लॅपटॉपसाठी २५ हजार रुपये मिळाले होते. तिचं निभावलं. कुक्षीच्या मुलीच्या घरी एक स्मार्टफोन होता, तो दिवसा वडिलांकडे, रात्री हिच्याकडे. अलीराजपूरच्या मुलीकडे बटनवाला फोन होता. घरातला स्मार्टफोन मोठ्या भावाकडे असायचा. त्या भागातली माणसं मजुरीला गुजरातेत जातात. भाऊ परत आला, तेव्हा फोनही आला. पण गावात सिग्नल नव्हता. टेकडीवर चढून गेलं की मिळायचा.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि शहरी घरांपैकी २३.४ टक्के घरांत. हे आकडे मी नोकरीत असताना एका चर्चासत्रात ऐकले असते तर वहीत लिहून घेतले असते आणि विसरले असते. आता त्या आकड्यांमागे एक मुलगी दिसत होती. टेकडीवर उभी, हातात भावाचा फोन.

मी आधी तिच्या नोट्सचे फोटो काढून पाठवले. ते उघडेचनात. एकेक फोटो चार-पाच एमबीचा. पुण्यातल्या माझ्या मुलाला विचारलं, त्याने स्कॅन करणारं अॅप टाकून दिलं. त्यात पान काळं-पांढरं होतं आणि वजन खूपच कमी होतं. ते जाऊ लागले. तरी टेकडीवर जाणं आलंच, आणि पावसात तेही बंद.

शेवटी जे उपयोगी पडलं ते अगदी जुनं साधन होतं. साधा फोन. बोलण्यापुरता सिग्नल घराच्या मागच्या पडवीत यायचा. माझ्या पॅकमध्ये बोलणं अमर्याद होतं. रात्रीची जेवणं झाली की मी वरून तिची राज्यशास्त्राची वही आणायची आणि वाचायची. ती लिहून घ्यायची. मी मराठी माणूस, हिंदी वाचन तोंडात बसलेलं असलं तरी "विधायिका" आणि "कार्यपालिका" यांचे उतारेच्या उतारे वाचताना घसा बसायचा. आमचे हे आतून विचारायचे, "संपली का लोकसभा?" खरं सांगायचं तर कित्येकदा मलाही कंटाळा यायचा. पण पलीकडून "हाँ मैडम, आगे" असं आलं की वाचावंच लागायचं.

ऑगस्टच्या २८ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंतिम वर्षाच्या परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. मध्य प्रदेशात त्या परीक्षा सप्टेंबरमध्ये ओपन बुक पद्धतीने झाल्या. प्रश्नपत्रिका ऑनलाइन मिळणार, उत्तरं घरी बसून हाताने लिहायची, आणि उत्तरपुस्तिका जवळच्या संकलन केंद्रावर जमा करायची. घरून पुस्तकं बघून परीक्षा, म्हणून शहरात लोक हसत होते. आमच्या मुलीची पुस्तकं छत्रीबागेत वरच्या खोलीत होती.

बसगाड्या धड सुरू नव्हत्या. ओळखीच्या औषधवाल्याने वाट काढली. दवा बाजारातून अलीराजपूरकडे माल नेणारी एक गाडी होती. पुस्तकं जुन्या साडीत बांधली, वर नाव-गाव लिहिलं आणि त्या गाडीने पाठवली. चालकाने ती तिच्या मामाच्या दुकानात उतरवली. प्रश्नपत्रिका मी इथे उतरवून घ्यायची आणि फोनवर सांगायची. प्रत्येक प्रश्न दोनदा. मुखपृष्ठावर नामांकन क्रमांक, अनुक्रमांक, विषय, पेपरचं नाव कुठे कसं लिहायचं हेही सांगायची, कारण तो नमुनाही पीडीएफमध्येच होता. भावाने मोटारसायकलवरून उत्तरपुस्तिका केंद्रावर पोचवली. ती पास झाली. आता ती तिकडेच एका आश्रमशाळेत शिकवते.

तेव्हा मला वाटलं, फोन आणि नेटवर्क एवढाच प्रश्न आहे. ते मिळालं की झालं. पुढच्या वर्षांत कळलं की खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. तोवर वरच्या खोल्यांत नव्या मुली आल्या होत्या. आता प्रवेश, परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ती, सगळं ऑनलाइन. पुढे क्रेडिट जमा होण्यासाठी एबीसी आयडीही आला. यांच्याकडे स्मार्टफोन होते, रोजचा दीड जीबी डेटा होता. रील बघायला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. पण अर्ज भरायची वेळ आली की त्या ऑनलाइनवाल्याकडे जायच्या. आमच्याकडे एमपी ऑनलाइनच्या कियोस्कला तेवढंच म्हणतात, ऑनलाइनवाला.

त्यांतल्या सगळ्यात धाकट्या मुलीचा प्रवेश त्यातच अडकला. तिच्या गावाजवळच्या एका दुकानात अर्ज भरला होता. दुकानदाराने मोबाइल क्रमांकाच्या जागी स्वतःचा क्रमांक घातला आणि ईमेलही स्वतःचाच. त्यात त्याचं वाईट मनात असेल असं मला वाटत नाही. ओटीपी पटकन यावा, गिऱ्हाईक मोकळं व्हावं, एवढंच. पण कॉलेज मिळाल्याचा मेसेज त्याच्या फोनवर आला. त्याच्याकडे असे शंभर मेसेज. त्याने पाहिला नाही. शुल्क भरायची तारीख उलटली. मुलगी रोज मला विचारायची, "लिस्ट आई क्या?" लिस्ट येऊन गेली होती.

कॉलेजच्या मदत कक्षात गेलो. तिथे एक भला कर्मचारी भेटला. त्याने आधार आणि गुणपत्रिका पाहून मोबाइल क्रमांक बदलण्याचा अर्ज घेतला आणि पुढच्या सीएलसी फेरीत, म्हणजे कॉलेज पातळीवरच्या प्रवेशात, नाव घालायला सांगितलं. पहिल्या पसंतीचं कॉलेज गेलं. दुसरं मिळालं. ज्यांना हे माहीत नसतं ती मुलं त्या वर्षी घरीच बसतात, आणि गावात म्हणतात, "नंबर नहीं लगा."

तिची शिष्यवृत्ती अडकली ती वेगळ्या कारणाने. आदिवासी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर आधारची खातरजमा लागते. ओटीपी पाठवा, असं बटण दाबलं. आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो. काही येईना. मग ती सावकाश म्हणाली, "मैडम, ओटीपी तो काकाजी के फोन पर जाता है।" आधार काढलं तेव्हा ती सहावीत होती. घरात फोन काकांचाच होता. काका सुरतेला. त्यांना फोन लावला तर भलत्याच माणसाने उचलला. काकांनी तो क्रमांक रिचार्ज न करता सोडून दिला होता. प्रीपेड क्रमांक सलग ९० दिवस वापरला नाही तर कंपनीला तो बंद करता येतो आणि नंतर दुसऱ्याला देता येतो. आमच्या मुलीच्या ओळखीची किल्ली एका अनोळखी माणसाच्या खिशात होती आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

हे कसं सुटलं ते नीट सांगते, कारण हेच सगळ्यात जास्त घरांत घडतं. आधारमधला मोबाइल क्रमांक घरबसल्या वेबसाइटवरून बदलता येत नव्हता. पण त्याला कोणताही कागद लागत नाही, फक्त माणूस आणि त्याचं बोट लागतं. आधार केंद्रावर होतं. २०२१ पासून पोस्टमनही करून देतो, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या यंत्रावर. तेव्हा शुल्क ५० रुपये होतं. आमचा पोस्टमन ओटीवर बसला, पोरीने यंत्रावर बोट टेकवलं, चहा झाला, काम झालं. नवा क्रमांक नोंदला जायला थोडे दिवस लागतात, तेवढा वेळ हाताशी ठेवावा. आणि त्याआधी मुलीच्या स्वतःच्या नावावर सिम घ्यावं. वडिलांच्या नावाचं नको, भावाच्या नावाचं तर नकोच. लग्न झालेला भाऊ वेगळा निघाला की सिमही निघतं.

त्यानंतर समग्र आयडी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मध्य प्रदेशात कुटुंबाचा ८ अंकी आणि प्रत्येक सदस्याचा ९ अंकी समग्र क्रमांक असतो. त्याचं आणि आधारचं नाव जुळावं लागतं. तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, समग्रमध्ये आडनावच नाही. अशा वेळी घाईघाईने आधार बदलायला जाऊ नये. आधारमधलं नाव जन्मात दोनदाच बदलता येतं. दहावीची गुणपत्रिका हा मूळ कागद धरावा आणि बाकीचे त्याच्याशी जुळवावेत. समग्रमधलं नाव पंचायतीत किंवा नगरपालिकेच्या वॉर्ड कार्यालयात दुरुस्त होतं.

पैसे कोणत्या खात्यात येतात, तेही पाहून ठेवावं. आपण अर्जात कोणतंही खातं लिहिलं तरी आधारवर आधारित पैसे आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. तिचे तिसऱ्याच खात्यात गेले होते. ते खातं कधी उघडलं ते तिला आठवत नव्हतं. पैसे सापडले तेव्हा ती हसली नाही, रडलीही नाही. "घर पर बता दूँ?" एवढंच म्हणाली.

मग आम्ही जेल रोडवरून जुना लॅपटॉप आणला. पुढच्या खोलीतलं शिवणयंत्राचं टेबल रिकामं केलं. वायफाय होतंच. वरच्या मुली तर आल्याच, त्यांच्या मैत्रिणीही येऊ लागल्या. ह्यांनी सुरुवातीला वायरीवरून कुरकुर केली, मग स्वतःच एक्स्टेन्शन बोर्ड आणून दिला. त्या टेबलाशी मी जे पाहिलं त्यात एक गोष्ट विशेष होती, फॉन्ट.

या मुलींना प्रकल्प अहवाल हिंदीत टाइप करून द्यायचा असतो. टायपिंगच्या दुकानात तो अजून कृतिदेवमध्ये होतो. कृतिदेव जुना फॉन्ट. अक्षर दिसतं देवनागरी, आत असतं रोमन. महाराष्ट्रातल्या लोकांनी शिवाजी किंवा श्रीलिपीत हे भोगलेलं आहे. ती फाइल फोनवर उघडली की सगळी निरर्थक इंग्रजी अक्षरं. मुलीला वाटतं आपला फोन खराब आहे. एक अक्षर दुरुस्त करायला पुन्हा दुकानात जा, पुन्हा पानामागे पैसे द्या. मार्गदर्शकाने चार चुका काढल्या की चार फेऱ्या.

उपाय फुकट होता. फोनवरच्या गूगल डॉक्समध्ये माइक दाबून हिंदीत बोलायचं. युनिकोडमध्ये टाइप होतं. कुक्षीकडच्या मुलीचा निमाडी हेल त्याला पहिल्यांदा कळेना, "खेती" म्हटलं की "केटी" यायचं. सावकाश बोलल्यावर जमलं. विरामचिन्हं नंतर हाताने घालायची. मग पीडीएफ करून छापायला न्यायची. छपाईवाल्याकडे वर्डची फाइल कधी देऊ नये, त्याच्या संगणकावर पानं हलतात. अर्जासोबत जोडायच्या कागदांना अमुक केबीपर्यंतच, अशी मर्यादा असते. फोनवर कागद लहान कसा करायचा हे एकदा शिकलं की ऑनलाइनवाल्याची अर्धी गरज संपते.

दुसरं, ईमेल. प्रत्येकीचं खातं उघडून दिलं आणि पासवर्ड एका शंभर पानी वहीत लिहायला लावले. संगणकवाले म्हणतील कागदावर पासवर्ड लिहू नये. त्यांनी इथे येऊन बघावं. या मुलींच्या बाबतीत पासवर्ड चोरीला जाण्यापेक्षा हरवण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. वही ट्रंकेत ठेवावी आणि फोन बदलला तरी क्रमांक बदलू नये.

ग्रंथपाल म्हणून एक गोष्ट मला खुपते. आफ्रिकेतल्या विद्यापीठांत इंटरनेट नव्हतं तेव्हा अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ईग्रॅनरी नावाचं काम सुरू झालं. परवानगी घेऊन संकेतस्थळंच्या संकेतस्थळं हार्ड डिस्कवर उतरवायची आणि ती डिस्क तिकडच्या विद्यापीठांना द्यायची. ज्यांच्याकडे तार नाही त्यांच्यासाठी लोक असं डोकं चालवत होते. आपल्याकडे तार आली. सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला. आणि चांगलं साहित्य कुलपात राहिलं.

इन्फ्लिबनेट या ग्रंथालयं जोडणाऱ्या सरकारी केंद्राचा एन-लिस्ट हा कार्यक्रम २०१० पासून कॉलेजांसाठी आहे. हजारो नियतकालिकं आणि लाखाच्या वर ई-पुस्तकं, कॉलेजने वर्षाचं माफक शुल्क भरलं की शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाही. मी ज्या कॉलेजात होते तिथे शुल्क भरलं जायचं, आयडी फक्त शिक्षकांचे व्हायचे. विद्यार्थ्यांचे का नाहीत, असं विचारलं की "मुलं काय वाचणार आहेत" असं उत्तर यायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने एक राष्ट्र एक सदस्यत्व योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिकं, सरकारी संस्थांतल्या सर्व विद्यार्थ्यांसाठी. फार मोठी गोष्ट आहे. पण बहुतेक सगळं इंग्रजीत, आणि माझ्या टेबलाशी बसणाऱ्या मुली हिंदी माध्यमाच्या. शिवाय खासगी कॉलेजातल्यांना त्यात जागा नाही.

त्यांना खरं उपयोगी पडलं ते इग्नूचं ईज्ञानकोश. तिथे बी.ए., बी.कॉम.ची पाठ्यसामग्री हिंदीतही आहे, पीडीएफमध्ये, फुकट. मी विषयवार उतरवून पेनड्राइव्हवर ठेवली आहे. गावी जाताना मुली फोनमध्ये भरून नेतात. गावात नेटवर्क असो नसो, वाचता येते. टेकडीवर चढावं लागत नाही.

अलीराजपूर, बडवानी, बुऱ्हाणपूर हे सगळे जिल्हे पूर्वी इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयाखाली होते. २०२४ मध्ये खरगोनला टंट्या भीलांच्या नावाने नवं विश्वविद्यालय झालं. तिकडच्या मुलींना कामासाठी आता इतकं लांब यावं लागणार नाही, हे चांगलं झालं. अर्ज मात्र तिथेही ऑनलाइनच आहेत.

बारावीचा निकाल लागायच्या आधी, एप्रिलमध्येच, या तीन गोष्टी करून ठेवा. मुलाच्या स्वतःच्या नावाचं सिम, तोच क्रमांक आधारला, आणि स्वतःचा ईमेल. अर्ज दुकानात भरलात तरी मोबाइल क्रमांकाची ओळ स्वतः वाचून मगच सबमिट करू द्या. प्रवेश झाल्यावर कॉलेजच्या ग्रंथपालाकडे जा आणि एन-लिस्टचा आयडी मागा. विद्यार्थ्यांना देत नाही असं म्हणाले तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कॉलेजने शुल्क भरलेलं असेल तर आयडी तुमचा आहे.